सन्मानाच्या यादीत कोण, यादीबाहेर कोण?

कार्डिनल रॉबर्ट प्रीव्होस्ट यांची ८ मे २०२५ रोजी पोपपदी निवड झाली आणि त्यांनी लिओ चौदावे हे नाव धारण केले, तेव्हा अमेरिकेतील एका विद्यापीठाच्या आनंदाला पारावार उरला नाही. फिलाडेल्फियानजीकच्या व्हिलानोव्हा विद्यापीठाचे ते १९७७ सालचे गणिताचे पदवीधर. विद्यार्थ्याच्या मोठेपणात आपला वाटा शोधावा, हा शिक्षणसंस्थांचा जगभरचा रिवाज आहे आणि त्यात गैर काही नाही. मात्र या निवडीमुळे अमेरिकेतील कॅथलिक विद्यापीठांकडे पुन्हा एकदा लक्ष वेधले गेले. ही विद्यापीठे गुणवत्ता कशाला म्हणतात, तिचा गौरव कसा करतात आणि त्या गौरवाच्या यादीत कोणाला स्थान देतात, हे प्रश्न त्यामुळे विचारण्याजोगे ठरतात.

अमेरिकेत दोनशेहून अधिक कॅथलिक महाविद्यालये आणि विद्यापीठे आहेत. त्यांपैकी २७ जेझुइट संघाशी निगडित आहेत. मुंबईकरांना हा संघ अपरिचित नाही. धोबीतलावचे सेंट झेवियर्स महाविद्यालय १८६९ मध्ये याच संघाच्या धर्मगुरूंनी स्थापन केले. अमेरिकेतील या विद्यापीठांमध्ये शैक्षणिक वर्षाच्या अखेरीस दोन प्रकारचे सोहळे हमखास होतात. एक, 'ऑनर सोसायटी' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गुणवंत मंडळांत विद्यार्थ्यांना दाखल करून घेण्याचा आणि दुसरा, उत्कृष्ट अध्यापनाची पारितोषिके देण्याचा. वरवर पाहता दोन्ही औपचारिक. प्रत्यक्षात, संस्था स्वतःविषयी समाजाला जे वचन देते ते या दोन सोहळ्यांत जितके स्पष्ट दिसते तितके तिच्या माहितीपत्रकातही दिसत नाही. हे वचन पाळले जाते की नाही, हे पाहायचे तर व्यासपीठावर कोण आहे याबरोबरच व्यासपीठापर्यंत पोहोचण्याची वाट कोणाला बंद आहे, हेही पाहावे लागते.

ग्रीक अक्षरांचा मान

गुणवंत मंडळांची अमेरिकी परंपरा देशाच्या स्वातंत्र्याइतकीच जुनी आहे. व्हर्जिनियातील विल्यम अँड मेरी महाविद्यालयात ५ डिसेंबर १७७६ रोजी काही विद्यार्थ्यांनी 'फाय बीटा कॅपा' नावाचे मंडळ स्थापन केले. ज्ञानाची आवड हीच जीवनाची मार्गदर्शक, अशा अर्थाच्या ग्रीक बोधवाक्याची ती आद्याक्षरे. आरंभी गुप्त साहित्यिक मंडळासारखे असलेले हे संघटन पुढे कला आणि विज्ञान शाखांतील विद्वत्तेचे सर्वोच्च मानचिन्ह बनले. त्याच धर्तीवर १८८५ मध्ये अभियांत्रिकीसाठी 'टाव बीटा पाय', १८८६ मध्ये संशोधनासाठी 'सिग्मा झाय' आणि १९१३ मध्ये वाणिज्य शाखेसाठी 'बीटा गॅमा सिग्मा' ही मंडळे उभी राहिली. ग्रीक अक्षरे धारण करणाऱ्या मंडळांची संख्या इतकी वाढली, की त्यांना काही समान नियम असावेत म्हणून १९२५ मध्ये या मंडळांची शिखर संघटना स्थापन करावी लागली.

फाय बीटा कॅपाचे महत्त्व तिच्या दुर्मीळतेत आहे. अमेरिकेतील सुमारे दहा टक्के संस्थांतच तिची शाखा आहे आणि त्या संस्थांतील कला-विज्ञानाच्या साधारण दहा टक्के पदवीधरांनाच तिचे सदस्यत्व मिळते. शाखा मिळविण्याची पद्धतही बोलकी आहे. विद्यापीठाच्या प्रशासनाने अर्ज करून भागत नाही. त्या संस्थेत शिकविणाऱ्या आणि स्वतः फाय बीटा कॅपाचे सदस्य असलेल्या प्राध्यापकांनी पुढाकार घ्यावा लागतो. मग संस्थेचे ग्रंथालय, अभ्यासक्रम, प्राध्यापकवर्ग आणि शैक्षणिक स्वातंत्र्य यांची छाननी होते आणि दर तीन वर्षांनी भरणाऱ्या परिषदेत निर्णय होतो. थोडक्यात, येथे आधी परीक्षा विद्यापीठाची होते, विद्यार्थ्याची त्यानंतर.

कॅथलिक विद्यापीठांची दीर्घ प्रतीक्षा

या परीक्षेत कॅथलिक संस्थांना दीर्घकाळ प्रवेशच नव्हता. स्थलांतरित आयरिश, जर्मन, इटालियन आणि पोलिश कुटुंबांच्या मुलांसाठी निघालेली ही महाविद्यालये संख्येने वाढत होती. परंतु ग्रंथालये तोकडी होती, आर्थिक पाठबळ अपुरे होते आणि प्राध्यापकवर्ग बव्हंशी धर्मगुरूंचा होता. प्रोटेस्टंट वळणाच्या अमेरिकी विद्वज्जगाच्या मनातील अविश्वासही होता. पहिला अपवाद ठरले ते मिनेसोटातील सेंट पॉल येथले सेंट कॅथरिन महाविद्यालय. १९३० च्या दशकाच्या अखेरीस फाय बीटा कॅपाची शाखा मिळविणारी ही पहिली कॅथलिक संस्था, जोगिणींनी चालविलेली आणि केवळ मुलींसाठी असलेली होती. मोठमोठ्या नावांची पुरुषप्रधान विद्यापीठे बाहेर ताटकळत असताना मुलींचे एक महाविद्यालय आत गेले, ही नोंद लक्षणीय आहे.

त्याच सुमारास, म्हणजे १९३९ मध्ये, आयोवातील लोरास महाविद्यालयाचे फादर एडवर्ड फिट्झगेराल्ड यांच्या पुढाकाराने 'डेल्टा एप्सिलॉन सिग्मा' हे कॅथलिक संस्थांसाठीचे स्वतंत्र गुणवंत मंडळ स्थापन झाले. दार उघडत नसेल तर स्वतःचे घर बांधावे, हा त्यामागील व्यवहार सहज समजण्यासारखा आहे. मात्र वेगळ्या घरात राहण्याची सवय झाली की बाहेरच्या जगाशी तुलना करण्याची गरज हळूहळू वाटेनाशी होते, हा त्यातला धोकाही तितकाच खरा.

तो धोका स्पष्ट शब्दांत सांगणारी व्यक्ती बाहेरची नव्हती. वॉशिंग्टनच्या कॅथलिक युनिव्हर्सिटी ऑफ अमेरिकामध्ये चर्चचा इतिहास शिकविणारे मॉन्सिन्योर जॉन ट्रेसी एलिस यांनी मे १९५५ मध्ये सेंट लुईस येथे एक व्याख्यान दिले. पुढे ते फोर्डहॅम विद्यापीठाच्या 'थॉट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले आणि कॅथलिक शिक्षणवर्तुळात खळबळ उडाली. अमेरिकी कॅथलिकांच्या बौद्धिक मागासलेपणाला केवळ इतरांचा पूर्वग्रह जबाबदार नाही. विद्वत्तेविषयीची समाजाची अनास्था, एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या दुबळ्या संस्थांची गर्दी आणि स्वतःभोवती उभारलेली कुंपणे हीही कारणे आहेत, असा त्यांचा निष्कर्ष होता. टीका झोंबणारी होती, पण वाया गेली नाही. १९६२ मध्ये फोर्डहॅमला फाय बीटा कॅपाची शाखा मिळाली. त्याच दशकात जॉर्जटाऊन आणि नोत्र दाम यांनाही ती मिळाली. नोत्र दामचे अध्यक्ष फादर थिओडोर हेसबर्ग यांच्या पुढाकाराने १९६७ मध्ये 'लँड ओ लेक्स' जाहीरनामा निघाला आणि कॅथलिक विद्यापीठाला खऱ्या अर्थाने विद्यापीठ व्हायचे असेल तर त्याला स्वायत्तता आणि शैक्षणिक स्वातंत्र्य हवे, अशी भूमिका त्यात मांडली गेली. सन्मानाची एक पट्टी गाठण्यासाठी संस्थांना स्वतःचे ग्रंथालय, नेमणुका आणि कारभार बदलावा लागला. सन्मान संस्थेकडून काही मागतो, तेव्हाच त्याला अर्थ येतो, याचा हा वस्तुपाठ म्हणावा लागेल.

विद्वत्ता, निष्ठा, सेवा

जेझुइट विद्यापीठांची कथा थोडी वेगळी आहे. पारितोषिके आणि निवडक विद्यार्थ्यांची मंडळे त्यांना अमेरिकेकडून शिकावी लागली नाहीत. या संघाने १५९९ मध्ये सिद्ध केलेल्या 'रेशिओ स्टुडिओरम' या शिक्षणसंहितेत पारितोषिक स्पर्धांचे नियम आहेत आणि 'अकादमी' नावाच्या निवडक विद्यार्थ्यांच्या मंडळांचेही आहेत. गंमत अशी, की याच संघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला यांनी आपल्या 'आध्यात्मिक साधना' या ग्रंथात सन्मानाच्या मोहाविरुद्ध सावधगिरीचा इशारा दिला आहे. माणूस आधी धनाच्या मागे लागतो, मग मानाच्या, आणि मानातून अहंकार येतो, असा तो क्रम आहे. बक्षिसांनी चढाओढ वाढवायची आणि मानाचा मोह मात्र वाढू द्यायचा नाही, अशी ही तारेवरची कसरत जेझुइट शिक्षणव्यवस्था चार शतकांहून अधिक काळ करीत आली आहे.

या कसरतीचे अमेरिकी रूप म्हणजे 'अल्फा सिग्मा नू'. विस्कॉन्सिनमधील मिलवॉकी येथील मार्क्वेट विद्यापीठात १९१५ मध्ये तेथील पत्रकारिता विभागाचे अधिष्ठाता फादर जॉन डॅनिही यांनी हे मंडळ स्थापन केले. १९३० मध्ये त्याला सध्याचे नाव मिळाले. जेझुइट संस्थांपुरत्याच मर्यादित असलेल्या या मंडळाची शाखा आज दक्षिण कोरियातील सोगांग विद्यापीठातही आहे. त्याचे तीन निकष आहेत : विद्वत्ता, निष्ठा आणि सेवा. केवळ गुणपत्रिकेवर प्रवेश मिळत नाही. गुणानुक्रमात वरच्या १५ टक्क्यांत असणे ही पहिली पायरी. त्यानंतर समाजासाठी काय केले आणि जेझुइट शिक्षणाच्या ध्येयाशी विद्यार्थ्याचे नाते कसे आहे, हे पाहिले जाते. अखेरीस निवड होते ती मूठभरांचीच. गुणांच्या जोडीला चारित्र्य आणि सेवा यांना स्थान देणारी ही रचना इतर मंडळांपेक्षा वेगळी आणि अधिक मोलाची आहे, असा तिच्या समर्थकांचा दावा आहे. तो निराधार नाही.

मात्र याच मंडळाच्या इतिहासात एक ठळक विसंगती आहे. मार्क्वेट हे स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीने शिक्षण देणारे पहिले कॅथलिक विद्यापीठ मानले जाते. हा निर्णय १९०९ चा. त्यानंतर सहा वर्षांनी स्थापन झालेले अल्फा सिग्मा नू मात्र पुरुषांपुरतेच राहिले. विद्यार्थिनी वर्गात होत्या, ग्रंथालयात होत्या, गुणवत्तायादीत होत्या. सन्मानाच्या यादीत नव्हत्या. अखेर १९२५ मध्ये त्यांच्यासाठी 'गॅमा पाय एप्सिलॉन' हे स्वतंत्र मंडळ त्याच मार्क्वेटमध्ये निघाले. ही दोन मंडळे एक व्हायला १९७३ साल उजाडले. व्हर्मॉन्ट विद्यापीठातील फाय बीटा कॅपाच्या शाखेने १८७५ मध्येच पहिल्या स्त्री सदस्यांची निवड केली होती, हे पाहता हा विलंब जवळपास शतकाचा ठरतो.

१९७३ हे साल आणखी एका कारणाने स्मरणात राहण्यासारखे आहे. त्या वर्षी ३१ जुलै रोजी जेझुइट संघाचे प्रमुख फादर पेद्रो अरुपे यांनी स्पेनमधील व्हॅलेन्सिया येथे माजी विद्यार्थ्यांपुढे केलेले भाषण गाजले. आपल्या शिक्षणाचे उद्दिष्ट 'इतरांसाठी जगणारे पुरुष' घडविणे हे आहे, असे त्यांनी सांगितले आणि न्यायाशी नाते नसलेले शिक्षण अपुरे ठरविले. श्रोत्यांतील अनेकांना ते रुचले नाही. 'पुरुष' या शब्दापुढे 'आणि स्त्रिया' ही जोड नंतर आली. सेवा हा निकष मंडळाच्या घटनेत १९१५ पासून होता. परंतु सेवेबरोबर न्यायाचाही विचार करायचा तर सन्मानाच्या यादीतून कोण वगळले गेले आहे, हे आधी तपासावे लागते. ते तपासायला संस्थेला अठ्ठावन्न वर्षे लागली.

उत्तम शिक्षक कोण?

विद्यार्थ्यांच्या सन्मानाला निदान गुणांचा आधार असतो. शिक्षकांच्या सन्मानाचे तसे नाही. कॅथलिक विद्यापीठे स्वतःची ओळख सांगताना अध्यापनावर मोठा भर देतात. विद्यार्थ्याच्या बुद्धीइतकीच त्याच्या व्यक्तिमत्त्वाची निगा राखणे हे जेझुइट परंपरेतले ब्रीद आहे. मोठी संशोधन विद्यापीठे प्रयोगशाळांत रमतात, आमचे प्राध्यापक वर्गात रमतात, असा या संस्थांचा सूर असतो. साहजिकच अध्यापनाची पारितोषिके येथे केवळ शोभेची राहत नाहीत. ती संस्थेच्या प्रतिष्ठेचा भाग बनतात.

ती कोणाच्या नावाने दिली जातात, हेही पाहण्यासारखे आहे. मार्क्वेटमधील अध्यापन पारितोषिकांना १९६५ ते १९९० असे पाव शतक अध्यक्षपद भूषविलेल्या फादर जॉन रेनर यांचे नाव आहे. नोत्र दाममध्ये कला शाखेचे माजी अधिष्ठाता फादर चार्ल्स शीडी यांच्या नावे पारितोषिक आहे. हेसबर्ग यांचे दीर्घकाळचे सहकारी फादर एडमंड जॉइस यांच्या नावाने तेथे पदवीस्तरावरील अध्यापनाचे पुरस्कार २००७ पासून दिले जातात. त्यासाठी सहकारी आणि विद्यार्थी नावे सुचवितात. व्हिलानोव्हाचे लिंडबॅक पारितोषिक मात्र धर्मगुरूचे नाही. फिलाडेल्फियातील दुग्धव्यवसायाचे मालक ख्रिश्चन लिंडबॅक यांच्या न्यासाकडून ते त्या परिसरातील अनेक विद्यापीठांना दिले जाते.

भारतातील पद्धतीशी तुलना केल्यास एक फरक जाणवतो. ५ सप्टेंबरला दिल्या जाणाऱ्या राष्ट्रीय शिक्षक पुरस्कारासाठी २०१८ पासून शिक्षकाने स्वतःच अर्ज करण्याची पद्धत आली. आपल्या कामाची कागदपत्रे जमवून आपणच आपली शिफारस करणे अनेक चांगल्या शिक्षकांना जड जाते. इतरांनी नाव सुचविण्याच्या पद्धतीत हा संकोच टळतो. परंतु तिथे दुसरा प्रश्न उभा राहतो : विद्यार्थ्यांचे मत कितपत ग्राह्य धरायचे?

या प्रश्नावर गेल्या काही वर्षांत झालेले संशोधन डोळे उघडणारे आहे. अमेरिकी हवाई दलाच्या अकादमीत विद्यार्थ्यांची तुकड्यांत वाटणी यादृच्छिक पद्धतीने होते. तेथील माहितीच्या आधारे स्कॉट कॅरेल आणि जेम्स वेस्ट यांनी २०१० मध्ये असे दाखविले, की ज्या प्राध्यापकांच्या हाताखाली विद्यार्थ्यांना त्या वर्षी चांगले गुण मिळाले, त्यांना विद्यार्थ्यांकडून शेरेही चांगले मिळाले. मात्र पुढच्या, अधिक कठीण अभ्यासक्रमांत त्या विद्यार्थ्यांची कामगिरी तुलनेने कमी पडली. कडक आणि अनुभवी प्राध्यापकांना त्या वेळी कमी गुण देणारे विद्यार्थी पुढे मात्र सरस ठरले. नॉर्थ कॅरोलायना राज्य विद्यापीठातील २०१५ च्या प्रयोगात ऑनलाइन वर्गातील शिक्षकांची ओळख अदलाबदल करून देण्यात आली. शिक्षक पुरुष आहे असे विद्यार्थ्यांना वाटले तेव्हा मूल्यमापन वरचे आले, स्त्री आहे असे वाटले तेव्हा खालचे. शिकविणारी व्यक्ती मात्र तीच होती. बॉब उट्टल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये पूर्वीच्या अभ्यासांची एकत्रित फेरतपासणी केली, तेव्हा विद्यार्थ्यांचे शेरे आणि प्रत्यक्ष शिकणे यांत अर्थपूर्ण संबंध आढळला नाही.

याचा अर्थ विद्यार्थ्यांना विचारूच नये असा नाही. वर्गात शिक्षक वेळेवर येतो का, शंका विचारू देतो का, निबंध तपासून परत देतो का, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार? परंतु लोकप्रियता म्हणजेच अध्यापन असे मानून पारितोषिक दिले, तर सोपे करणाऱ्याचा गौरव होतो आणि घडविणारा मागे राहतो. सहकाऱ्यांनी वर्गात बसून पाहणे, अभ्यासक्रम आणि तपासलेल्या उत्तरपत्रिका पाहणे, काही वर्षांनी माजी विद्यार्थ्यांना विचारणे, हे मार्ग वेळखाऊ आहेत. पण व्यक्तीच्या संपूर्ण विकासाचा दावा करणाऱ्या संस्थेला तो वेळ काढावाच लागेल.

पारितोषिकाच्या पलीकडचा वर्ग

खरा पेच याहून खोल आहे. अमेरिकेत आज शिकविण्याचे काम नेमके कोण करते? अमेरिकी विद्यापीठ प्राध्यापक संघटनेच्या आकडेवारीनुसार १९८७ मध्ये सुमारे ४७ टक्के अध्यापक कायमस्वरूपी नेमणुकीच्या साखळीबाहेर होते. २०२१ मध्ये हे प्रमाण ६८ टक्क्यांवर पोहोचले. म्हणजे दर तीन अध्यापकांमागे दोघांना सेवेची शाश्वती नाही. यांतील अनेक जण एकेका विषयापुरते, एकेका सत्रापुरते नेमलेले असतात. महाराष्ट्रातील वाचकांना ही व्यवस्था समजावून सांगण्याची गरज नाही. आपल्याकडे तिला 'तासिका तत्त्व' म्हणतात. नेट-सेट उत्तीर्ण होऊनही वर्षानुवर्षे तासावर शिकविणाऱ्यांची पिढी आपल्या महाविद्यालयांतही आहे. पदवीच्या पहिल्या वर्षाचे निबंधलेखन, गणित, परकीय भाषा हे पायाभूत विषय अमेरिकेत बहुधा याच वर्गाच्या माथी असतात.

कॅथलिक विद्यापीठे या प्रवाहाला अपवाद नाहीत. त्यांच्या बाबतीत प्रश्न अधिक टोकदार होतो, कारण श्रमिकांच्या हक्कांविषयी कॅथलिक पंथाची भूमिका लेखी आणि जुनी आहे. पोप लिओ तेरावे यांनी १८९१ मध्ये काढलेल्या 'रेरूम नोव्हारूम' या परिपत्रकात कामगाराला जगण्यापुरते न्याय्य वेतन आणि संघटना करण्याचा अधिकार मान्य केला आहे. तरीही पिट्सबर्गच्या ड्युकेन विद्यापीठातील अर्धवेळ अध्यापकांनी २०१२ मध्ये संघटनेच्या बाजूने कौल दिला, तेव्हा विद्यापीठाने धार्मिक स्वातंत्र्याच्या आधारे शासकीय कामगार मंडळाचा अधिकारच नाकारला. त्याला १९७९ च्या सर्वोच्च न्यायालयीन निकालाची पार्श्वभूमी होती. चर्चच्या शाळांतील शिक्षकांबाबत या मंडळाला अधिकार नाही, असे तो निकाल सांगतो. जानेवारी २०२० मध्ये वॉशिंग्टनच्या केंद्रीय अपील न्यायालयाने ड्युकेनच्या बाजूने निर्णय दिला. कायद्याने विद्यापीठ जिंकले. पंथाच्या शिकवणुकीच्या कसोटीवर ते जिंकले का, हा प्रश्न मात्र न्यायालयाच्या कक्षेबाहेरचा आणि म्हणूनच अनुत्तरित राहिला.

दुसरी वाटही उपलब्ध होती, हे येथे नोंदवायला हवे. जॉर्जटाऊनने न्याय्य रोजगाराचे धोरण २००५ मध्येच स्वीकारले होते. २०१३ मध्ये तेथील अर्धवेळ अध्यापकांनी संघटना केली तेव्हा प्रशासनाने अडथळा आणला नाही. फोर्डहॅमने आधी विरोध केला, पण २०१७ मध्ये पंथाच्या सामाजिक शिकवणुकीचा हवाला देऊन भूमिका बदलली आणि मतदान होऊ दिले. धार्मिक ओळख टिकवून संघटनेला मान्यता देता येते, हे या दोन उदाहरणांवरून दिसते. त्यामुळे ओळख धोक्यात येईल म्हणून संघटना नको, हा युक्तिवाद दुबळा पडतो.

आता अध्यापन पारितोषिकांकडे पुन्हा पाहिले तर चित्र बदलते. वर्षातून एकदा चार-पाच प्राध्यापकांचा व्यासपीठावर सन्मान होतो, तेव्हा अध्यापनाला संस्था किती मान देते हे सिद्ध झाल्यासारखे वाटते. परंतु त्याच वेळी पुढच्या सत्रात आपल्याला तास मिळतील की नाही, याची चिंता करणारा अध्यापक त्याच इमारतीत पहिल्या वर्षाचे निबंध तपासत असतो. बसायला जागा नसेल, विद्यार्थ्याला भेटायला वेळ नसेल, दोन-तीन महाविद्यालयांत धावपळ करावी लागत असेल, तर विद्यार्थ्याच्या संपूर्ण व्यक्तिमत्त्वाची निगा तो कशी राखणार? पारितोषिकाची रक्कम कितीही वाढविली तरी या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. ते नेमणुकीच्या नियमांत शोधावे लागते.

पाकिटातला सन्मान

या साऱ्याशी महाराष्ट्राचाही संबंध आहे. २०२३-२४ या वर्षात अमेरिकेत ३ लाख ३१ हजार ६०२ भारतीय विद्यार्थी शिकत होते आणि त्या वर्षी भारत प्रथम क्रमांकावर होता. मुंबई, पुणे, नागपूर, नाशिकची मुले त्यात आहेत. पहिल्या-दुसऱ्या सत्रानंतर यांपैकी अनेकांना गुणवंत मंडळाच्या सदस्यत्वाचे निमंत्रण येते. ग्रीक अक्षरे, सोनेरी मोहोर आणि अभिनंदनाचा मजकूर पाहून घरी आनंद होणे स्वाभाविक आहे. तथापि, सदस्यत्वासाठी शुल्क मागितलेले असते. प्रतिष्ठित मंडळेही एकदाचे शुल्क घेतात, त्यामुळे शुल्क आहे म्हणून निमंत्रण खोटे ठरत नाही आणि आकर्षक नाव आहे म्हणून खरेही ठरत नाही.

फरक ओळखण्याचे मार्ग साधे आहेत. मंडळाची शाखा त्या विद्यापीठात आहे का, निवड तेथील प्राध्यापक करतात का, किती टक्के विद्यार्थ्यांना निमंत्रण जाते, मंडळ शिखर संघटनेचे सदस्य आहे का, हे विद्यापीठाच्या कार्यालयात विचारले की बहुतेक शंका फिटतात. सगळ्यांनाच मिळणारा मान हा मान नसतो. तो फक्त पावती असते. डॉलरचा विनिमय दर पाहता ही पावती मराठी मध्यमवर्गीय कुटुंबाला स्वस्तही पडत नाही.

कसोटी

पोप लिओ चौदावे यांनी निवडीनंतर दोनच दिवसांनी, १० मे २०२५ रोजी, कार्डिनलांना आपल्या नावाचे कारण सांगितले. औद्योगिक क्रांतीच्या काळात श्रमिकांचा प्रश्न हाती घेणारे लिओ तेरावे हे त्यांचे प्रेरणास्थान आहे आणि कृत्रिम बुद्धिमत्तेच्या काळात श्रमाच्या प्रतिष्ठेचा प्रश्न पुन्हा समोर आला आहे, असे त्यांनी नमूद केले. एका कॅथलिक विद्यापीठाच्या पदवीधराने पंथाच्या सर्वोच्च पदावरून काढलेले हे उद्गार कॅथलिक विद्यापीठांनी सर्वप्रथम स्वतःला लावून पाहण्याजोगे आहेत. अध्यापन हाही श्रमच आहे.

इतिहास पाहता निराश होण्याचे कारण नाही. एलिस यांच्या टीकेनंतर कॅथलिक विद्यापीठांनी स्वतःची पट्टी उंचावली. उशिरा का होईना, स्त्रियांना वेगळ्या मंडळातून मुख्य मंडळात आणले. दोन्ही वेळा बदल घडला तो सन्मानाच्या यादीबाहेर राहिलेल्यांचा विचार करणे भाग पडले म्हणून. आज त्या यादीबाहेर तासावर शिकविणारा अध्यापक उभा आहे. त्याला पारितोषिकासाठी पात्र ठरविणे हा सोपा भाग झाला आणि काही संस्था तो करूही लागतील. त्याला पुढच्या वर्षाची शाश्वती, बसायला खोली आणि जगण्याजोगे वेतन देणे हा कठीण भाग आहे. विद्वत्ता, निष्ठा आणि सेवा हे तीन शब्द विद्यार्थ्यांकडून मागणाऱ्या विद्यापीठाला आपल्या शिक्षकांप्रति निष्ठा दाखविण्याची ही संधी आहे. ती साधली गेली, तर पुढील पारितोषिक समारंभात वाजणाऱ्या टाळ्या अधिक खऱ्या असतील.